तीन कॅमेरे, एक नाटक: कमी खर्चात मल्टिकॅम सिंक कसं करायचं

दोन फोन, एक मिररलेस किंवा डीएसएलआर कॅमेरा आणि खिशात मावणारा एक ऑडिओ रेकॉर्डर. एकांकिका, दोन अंकी नाटक, गाण्याची मैफल किंवा कीर्तन नीट चित्रित करायला एवढं पुरतं. अडचण येते ती एडिटिंगच्या टेबलावर. पहिल्या दहा मिनिटांत सगळं जुळलेलं असतं आणि मध्यंतरापर्यंत ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे अशी गत होते. मग बहुतेक जण सॉफ्टवेअरला दोष देतात. खरं कारण त्याआधीचं असतं. सिंकचं, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र आणि आवाज एकाच वेळेवर जुळवण्याचं, नव्वद टक्के काम रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी आणि दाबताना होतं, एडिटिंगमध्ये उरतं ते फक्त जुळवून बघणं.

इथे नाट्यगृहातलं तीन कॅमेऱ्यांचं चित्रण धरून सगळी पद्धत दिली आहे. (नाटकाच्या चित्रीकरणाला लेखक आणि निर्मात्याची परवानगी लागते, ती आधी घ्या.)

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

‘सिंक’ या एका शब्दात दोन वेगळी कामं मिसळली जातात. एक म्हणजे टाइमकोड. प्रत्येक फ्रेमला (व्हिडिओतल्या एकेका स्थिर चित्राला) तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा पत्ता देणं, म्हणजे नंतर कुठली फ्रेम कुठल्या फ्रेमशेजारी बसवायची ते कळतं. दुसरं म्हणजे जेनलॉक. यात सगळ्या कॅमेऱ्यांचे सेन्सर एकाच क्षणी फ्रेम घ्यायला सुरुवात करतात.

नाटक, मैफल, मुलाखत, लग्न यांना जेनलॉक लागत नाही. सेकंदाला २५ फ्रेम घेताना एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. जेनलॉक नसताना दोन कॅमेऱ्यांच्या फ्रेम उत्तम जुळवल्या तरी त्यांच्यात जास्तीत जास्त अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे २० मिलिसेकंदांचा फरक राहतो. तो डोळ्याला दिसत नाही.

दिसतो कुठे, तर मोजमापात. क्रिकेटच्या सरावात दोन कॅमेऱ्यांनी चेंडूचा मार्ग काढायचा असेल आणि चेंडू ताशी १०८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ३० मीटर जात असेल, तर २० मिलिसेकंदांत तो ६० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. अशा कामाला जेनलॉकचे कॅमेरे परवडत नसतील तर निदान सेकंदाला १०० फ्रेमवर चित्रण करा, चूक जास्तीत जास्त १५ सेंटिमीटरवर येते. रंगमंचावरच्या माणसांसाठी ही काळजी नको.

फ्रेमरेट: सगळीकडे २५

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि साधे दिवे त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) २५ आणि शटर (प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची बरोबर दोन आवर्तनं येतात आणि चित्र लुकलुकत नाही. फोन मूळ सेटिंगमध्ये ३० वर असतात आणि शटर स्वतः ठरवतात. म्हणून हॉलमधल्या फोन-व्हिडिओत काळपट पट्टे सरकताना दिसतात. १/१०० शटरही चालतं. काही स्वस्त एलईडी ‘पार’ दिवे (रंगमंचावरचे झोतदिवे) मंद केल्यावर आपल्याच वेगाने लुकलुकतात, त्यांना शटरचा उपाय पुरत नाही. तालमीच्या वेळी प्रकाशयोजनाकाराला दिवे मंद करायला सांगून फोनवर बघून घ्या.

सेटिंग अशी:

कॅमेऱ्यात व्हिडिओ सिस्टिम ‘पाल’ निवडा. ती ‘एनटीएससी’वर असेल तर मेनूत २५ दिसतच नाही, २९.९७ दिसतं.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ या ठिकाणी ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करा, मग २५ फ्रेमचे पर्याय येतात. त्याच पानावरचं ‘ऑटो एफपीएस’ बंद करा. हे बंद करणं २५ निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. अंधार झाला की फोन स्वतःहून फ्रेमरेट खाली आणतो, आणि नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये ब्लॅकआउट तर असतोच.

अँड्रॉइडच्या मूळ कॅमेरा अॅपमध्ये २५ बहुधा नसतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप मोफत आहे, आयफोन आणि निवडक अँड्रॉइड फोनवर चालतं. त्यात फ्रेमरेट, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस पक्के करता येतात. फोन त्याच्या यादीत नसेल तर ‘ओपन कॅमेरा’ करून पाहा.

एखाद्या फोनला २५ जमतच नसेल तर दोन रस्ते आहेत. मोशन कमी असलेल्या वाइड शॉटसाठी तो फोन ३० वर ठेवा आणि एडिटिंगमध्ये २५ च्या टाइमलाइनवर (क्लिप वेळेनुसार मांडायच्या पट्टीवर) टाका. सॉफ्टवेअर दर सहा फ्रेममागे एक फ्रेम वगळेल. संवादात ते कळत नाही, नृत्यात हात झटकल्यासारखे दिसतात. तीनही यंत्रांपैकी दोन फोन ३० वरच अडकले असतील तर सगळेच ३० वर घ्या, शटर मात्र १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा.

३० आणि २९.९७ मिसळले तर घाबरायचं कारण नाही, सॉफ्टवेअर साधारण दर ३३ सेकंदांना एक फ्रेम वगळून वेळ सांभाळतं. धोका तेव्हा, जेव्हा कुणी क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन ३० ला ‘२९.९७ समज’ असं सांगतं. मग तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

ऑडिओ सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी जागा लागते. एमपीथ्री नको.

आवाज: एकच मालक

तीन कॅमेऱ्यांचे तीन आवाज असतील, पण अंतिम फिल्ममध्ये एकच वापरायचा, रेकॉर्डरचा. बाकीचे फक्त जुळवणीसाठी. रेकॉर्डरचा ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही कापायचा, ताणायचा किंवा सरकवायचा नाही. सरकतील ते कॅमेरे. हा नियम पाळला की निम्मे गोंधळ होतच नाहीत. चित्रात एका फ्रेमची दुरुस्ती कटच्या आड लपते, आवाजातली कानाला टोचते.

रेकॉर्डर रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फूटलाइटच्या जागी, मधोमध ठेवा. खाली स्पंज किंवा जाड नॅपकिनची घडी घाला, नाहीतर फळ्यांवरची पावलं ढोलासारखी येतात. ध्वनिसंयोजकाच्या मिक्सरमधून लाइन मिळत असेल तर उत्तम, पण ती रेकॉर्डरच्या लाइन-इनला द्या. माइक-इनला दिली तर आवाज फाटेल.

प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू ठेवा. ‘आवाज रेकॉर्डरवर आहेच’ म्हणून कॅमेऱ्याचा माइक बंद केला तर सॉफ्टवेअरला जुळवायला काही उरत नाही. ब्लूटूथ माइक किंवा इअरबड सिंकसाठी वापरू नका. त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जातो आणि तो सारखाही राहत नाही.

नाट्यगृहात: क्रम

तालमीच्या दिवशी किंवा प्रयोगाच्या आधी दोन तास हे करा.

१. सगळ्या यंत्रांची घड्याळं एका फोनच्या वेळेशी लावा. सेकंदापर्यंत जमलं तरी पुरे. याने फ्रेम जुळत नाहीत, पण कुठली फाइल कुठल्या प्रवेशाची हे रात्री बारा वाजता शोधावं लागत नाही.

२. जागा मोजा. सेकंदाला २४ मेगाबिटवर फुल एचडीला तासाला १०.८ जीबी लागतात, ५० मेगाबिटला २२.५ जीबी, १०० मेगाबिटच्या फोरकेला ४५ जीबी. फोनमध्ये हिशेबापेक्षा दीडपट मोकळी जागा हवी.

३. फोन एअरप्लेन मोडवर टाका. मध्येच आलेला फोन काही अॅपमध्ये रेकॉर्डिंग थांबवतो. कव्हर काढा, स्क्रीनचा उजेड कमी करा. पॉवरबँक लावलेला फोन चार्ज होता होता तापतो आणि तापला की फ्रेम गाळायला लागतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि शक्य असेल तर चार्जर फक्त मध्यंतरात लावा.

४. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस लॉक करा.

५. दुसऱ्या घंटेला सगळी रेकॉर्डिंग सुरू. तिसऱ्या घंटेची वाट पाहू नका, कारण एखाद्या यंत्राला कुरबूर करायची असेल तर ती याच दोन मिनिटांत कळते. प्रत्येक स्क्रीनवर लाल खूण आणि पुढे सरकणारे आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

६. टाळी. एकाने पडद्यासमोर, मधोमध, तिन्ही कॅमेऱ्यांना हात दिसतील असं उभं राहून छातीच्या उंचीवर एक कडक टाळी द्यायची. एकच. तीन टाळ्या दिल्या की नंतर पहिली कुठली यावर वेळ जातो. दोन सेकंद आधी आणि दोन सेकंद नंतर शांतता हवी. लाकडाच्या दोन पट्ट्या आपटल्या तर आवाज आणखी धारदार येतो.

प्रेक्षक बसल्यावर टाळी देणं बरं दिसत नाही. मग ती दारं उघडण्याआधी द्या आणि रेकॉर्डिंग बंदच करू नका. तेवढी जागा किंवा बॅटरी नसेल तर तिसरी घंटा आवाजासाठी आणि पडदा हलायला लागतो तो क्षण चित्रासाठी वापरा. घंटेचा पहिला ठोका पुरेसा तीक्ष्ण असतो. कर्टन कॉलच्या टाळ्या मात्र उपयोगाच्या नाहीत, शेकडो हातांचा आवाज म्हणजे नुसती भिंत.

७. रेकॉर्डिंग मध्ये थांबवायचं नाही. ब्लॅकआउटमध्येही नाही. प्रत्येक थांबा म्हणजे सिंक करायचा आणखी एक तुकडा.

८. अंक संपला, पडदा पडला, की थांबवण्याआधी पुन्हा एक टाळी. लोक सर्वांत जास्त वेळा हीच विसरतात, आणि घड्याळांचा फरक मोजायचं एकमेव साधन हीच असते. मध्यंतरानंतर दुसरा अंक हे नवं काम समजा. बॅटरी, कार्ड, पुन्हा दोन टाळ्या.

एखादा कॅमेरा विंगेत असेल आणि त्याला टाळी दिसत नसेल, तर एका फोनवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा आणि रेकॉर्डिंग चालू असताना प्रत्येक कॅमेऱ्यासमोर पाच-पाच सेकंद धरा. स्टॉपवॉच मधे थांबवायचं नाही. फोनची स्क्रीन साधारणपणे सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे अचूकता सुमारे १७ मिलिसेकंदांची, अर्ध्या फ्रेमहून कमी. आकडा पुसट आला तर पुढची-मागची फ्रेम बघा.

जुने डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतात. असे दोन कॅमेरे असतील तर ते एकाच वेळी सुरू करू नका. दुसरा दहा मिनिटांनी सुरू करा, म्हणजे एक थांबून पुन्हा सुरू होईपर्यंत दुसरा चालू राहतो.

फाइल तपासा, मगच एडिटिंग

फोनच्या फाइल थेट टाइमलाइनवर ओढायच्या आधी ‘मीडियाइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. ‘फ्रेमरेट मोड’पुढे ‘कॉन्स्टंट’ असेल तर ठीक. ‘व्हेरिएबल’ असेल आणि किमान-कमाल आकड्यांत मोठं अंतर असेल तर ती फाइल तशी वापरू नका. व्हेरिएबल म्हणजे फोनने फ्रेम सारख्या अंतराने घेतलेल्या नाहीत. काही एडिटर त्या सारख्या अंतराच्या समजून मांडतात आणि चित्र मध्येच पुढे-मागे भटकतं.

उपाय हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट २५ आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, क्वालिटी आरएफ १६ ते १८, ऑडिओचा सँपलरेट ४८. फाइल मोठी होईल, होऊ द्या. मूळ फाइल पुसू नका.

कॅमेऱ्याने तुकडे केले असतील (बऱ्याच यंत्रांत ४ जीबीला फाइल तुटते, गोप्रोही तसंच करतो) तर ते क्रमाने एकापुढे एक लावा. गोप्रोचे तुकडे सलग जुळतात. काही जुन्या कॅमेऱ्यांत सांध्यावर काही फ्रेम हरवतात, म्हणून प्रत्येक सांध्यानंतर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) रेकॉर्डरशी ताडून बघा.

जुळवणी

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. सगळ्यांत आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमलाइन फ्रेमरेट २५ करा. क्लिप आत आल्यावर तो बदलता येत नाही आणि सगळं नव्याने करावं लागतं. मग मीडिया पूलमध्ये पहिल्या अंकाच्या सगळ्या क्लिप आणि रेकॉर्डरची फाइल निवडा, राइट क्लिक, ‘क्रिएट न्यू मल्टिकॅम क्लिप युझिंग सिलेक्टेड क्लिप्स’, ‘अँगल सिंक’मध्ये ‘साउंड’. फ्रेमरेट २५ आहे ना ते याही खिडकीत बघा.

केडेनलाइव्ह हा एडिटर वापरत असाल तर रेकॉर्डरच्या क्लिपवर ‘सेट ऑडिओ रेफरन्स’ आणि बाकीच्यांवर ‘अलाइन ऑडिओ टू रेफरन्स’. जुन्या संगणकावर ते हलकं चालतं.

सॉफ्टवेअरचं उत्तर अंतिम समजू नका. टाळीवर जा. रेकॉर्डरच्या वेव्हफॉर्ममधला उंच सुळका आणि हात पहिल्यांदा टेकलेली फ्रेम एकत्र हवी. १/५० शटरवर अर्धा वेळ शटर बंद असतं, त्यामुळे नेमका टेकण्याचा क्षण दोन फ्रेमच्या मध्ये हरवू शकतो. एका फ्रेमचा संशय राहिला तर संवाद बघा. मराठीत हे सोपं आहे: प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात. जवळच्या कॅमेऱ्यातलं एखादं ‘पाणी’ किंवा ‘पुढे’ शोधा आणि एकेक फ्रेम पुढे नेऊन ओठ सुटतात तिथे आवाज सुरू होतो का पाहा.

आवाज उशिरा पोहोचतो, आणि सॉफ्टवेअरला ते माहीत नसतं

कागदावर किरकोळ वाटणारी ही बाब तबल्याच्या मैफलीत कट खराब करते. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे ४० मिलिसेकंदांत जेमतेम १४ मीटर. मागच्या रांगेतला वाइड कॅमेरा रंगमंचापासून २० मीटरवर असेल तर त्याचा माइक टाळी ५८ मिलिसेकंद उशिरा ऐकतो. चित्र मात्र लगेच पोहोचतं. सॉफ्टवेअर आवाजाला आवाज जुळवतं, म्हणून तो कॅमेरा टाइमलाइनवर ५८ मिलिसेकंद डावीकडे खेचला जातो आणि त्यातलं चित्र जवळपास दीड फ्रेम आधी दिसतं.

एकट्या वाइड शॉटमध्ये हे फारसं जाणवत नाही, कारण चित्रामागून येणारा आवाज आपण रोजच्या जगण्यातही ऐकतो. कट करताना जाणवतं. क्लोजअपमध्ये हात तबल्यावर येतो, वाइडवर कट होतो आणि थाप हुकल्यासारखी वाटते.

हिशेब सोपा आहे: कॅमेऱ्याचं रेकॉर्डरपासूनचं अंतर मीटरमध्ये, भागिले १४. जे उत्तर येईल तितक्या फ्रेम त्या कॅमेऱ्याची क्लिप उजवीकडे, म्हणजे उशिरा सरकवा. ७ मीटरपर्यंत काही करू नका. १४ मीटरला एक, २० ला एक किंवा दोन, २८ ला दोन. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात मागच्या बाजूला कॅमेरा असेल तर हे करावंच लागतं. मात्र त्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर हॉलचा स्पीकर असेल तर तो माइक रंगमंच नव्हे, स्पीकर ऐकत असतो. तिथे हिशेब बाजूला ठेवा आणि टाळीच्या फ्रेमवर विश्वास ठेवा.

घड्याळं भरकटतात

प्रत्येक यंत्रात वेळ मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तो थोडा वेगवान किंवा मंद असतो. दहा लाखांत २० भाग एवढी चूक म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद, जवळपास दोन फ्रेम. रेकॉर्डर एका दिशेने आणि फोन दुसऱ्या दिशेने तेवढाच चुकला तर तासाला साडेतीन फ्रेम. यात यंत्राचा दोष नाही, स्वस्त स्फटिक असेच असतात.

शेवटच्या टाळीवर जा. समजा, ७० मिनिटांच्या अंकाअखेर फोनची टाळी रेकॉर्डरपेक्षा ३ फ्रेम उशिरा येते. ७० भागिले ३, म्हणजे दर २३ मिनिटांना एक फ्रेम जास्त. आता त्या फोनच्या क्लिपला तीन ठिकाणी कापा आणि प्रत्येक ठिकाणी एक फ्रेम काढून पुढचा भाग डावीकडे ओढा. जागा २३, ४६, ६९ अशा घेऊ नका. पहिला काप त्याच्या निम्म्यावर, साधारण ११ मिनिटं ४० सेकंदांवर घ्या, मग ३५ व्या मिनिटाला, मग ५८ मिनिटं २० सेकंदांवर. असं केलं की चूक कुठेही अर्ध्या फ्रेमपेक्षा जास्त होत नाही. टाळी लवकर येत असेल तर उलट: कापा आणि पुढचा भाग एक फ्रेम उजवीकडे सरकवा. मध्ये एका फ्रेमची काळी फट राहील. त्या क्षणी पडद्यावर दुसरा कॅमेरा असू द्या, किंवा ब्लॅकआउट गाठा.

क्लिपचा वेग ९९.९९ टक्के करून हे साधायचा मोह होतो. दोन दशांशांत इतका बारीक बदल मावत नाही. तासाला दोन फ्रेम म्हणजे ०.००२ टक्के होतात. कापणं हाच बरा मार्ग. ही कामं साध्या टाइमलाइनवर करून मग ‘कन्व्हर्ट टाइमलाइन टू मल्टिकॅम क्लिप’ केलं तर पुढे अँगल बदलत एडिट करता येतं.

बिघाड ओळखायचा कसा

चूक किती आहे यापेक्षा ती कशी वाढते ते बघा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी फ्रेम मोजा.

तिन्ही जागी सारखीच चूक: फक्त सरकवायचं राहिलं आहे.

हळूहळू, सारख्या गतीने वाढणारी, तासाला दोन-चार फ्रेम: घड्याळं. वरचा उपाय.

सारख्या गतीने पण तासाला ३-४ सेकंद: कुठेतरी ३० आणि २९.९७ किंवा २४ आणि २३.९७६ यांची अदलाबदल झाली आहे. क्लिपचे गुणधर्म बघा.

आवाज जाड किंवा चिरका होऊन लगेच सुटतो: ४४.१ ची फाइल ४८ समजली गेली किंवा उलट. यात जवळजवळ ९ टक्क्यांचा फरक पडतो, मिनिटभरातच कळतं.

एका ठरावीक क्षणी उडी, आधी आणि नंतर स्थिर: फ्रेम गळल्या किंवा फाइलचा सांधा. त्या जागी काप घेऊन पुढचा भाग नव्याने जुळवा.

कधी पुढे, कधी मागे: व्हेरिएबल फ्रेमरेट. हँडब्रेककडे परत.

ढोल-ताशासमोर वेव्हफॉर्म हरतो

आवाजावरून जुळवणारं सॉफ्टवेअर दोन वेव्हफॉर्म एकमेकांवर सरकवून सर्वांत चांगला मेळ शोधतं. संवादात असा मेळ एकाच ठिकाणी बसतो. ढोल-ताशा पथकात किंवा लांबलेल्या भजनात तोच ठेका शेकडो वेळा येतो, आणि सॉफ्टवेअर एक आवर्तन पुढे किंवा मागे बिनदिक्कत जुळवून टाकतं. शिवाय ढोलाजवळचा फोनचा माइक आवाजाने पूर्ण भरून जातो, वेव्हफॉर्मची वीट होते. लेझीम आणि ताशा दिसताना जुळलेले वाटतात, पण झेंडा नाचवणारा दोन कॅमेऱ्यांत वेगळ्या जागी असतो.

इथे वादन सुरू होण्याआधी एक मोकळी टाळी, किंवा पथकाच्या शिट्टीचा पहिला सूर, ही हाती लागणारी खूण. घड्याळं आधी लावली असतील तर क्लिप त्या वेळेनुसार अंदाजाने मांडा आणि उरलेलं हाताने जुळवा.

कॅमेरे सतत चालू-बंद होतात अशा मिरवणुकीत मात्र टाइमकोड खरोखर कामाला येतो. त्याच्या तयार पेट्या मिळतात, पण प्रत्येक कॅमेऱ्याला एक लागते आणि तिथेच बजेट संपतं. स्वस्त पर्याय म्हणजे एलटीसी, म्हणजे आवाजाच्या रूपातला टाइमकोड. प्रत्येक फ्रेमला ८० बिट, २५ फ्रेमला सेकंदाला २००० बिट. ऐकायला जुन्या फॅक्सच्या किरकिरीसारखा. तो कॅमेऱ्याच्या माइक-इनच्या डाव्या चॅनलवर रेकॉर्ड करायचा, उजव्यावर साधा माइक.

जुन्या फोनवर एलटीसी तयार करणारं अॅप चालवा, किंवा संगणकावर बनवलेली तासाभराची वेव्ह फाइल वाजवा. हेडफोनचा आवाज माइक-इनला फार मोठा पडतो, म्हणून मध्ये विभाजक हवा: फोनच्या डाव्या तारेत १० किलोओमचा रोध मालिकेत, त्यानंतर तारेपासून ग्राउंडला १०० ओम. सिग्नल शंभर पटींनी, म्हणजे ४० डेसिबलने कमी होतो. कॅमेरा माइकला वीज देत असेल तर विभाजक आणि कॅमेऱ्याच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, धन टोक कॅमेऱ्याकडे. कॅमेऱ्याची ऑटो लेव्हल बंद करा आणि मीटर निम्म्याच्या थोडं खाली ठेवा. फोनवरचे डॉल्बी, इक्वलायझर असले सगळे परिणाम बंद हवेत, नाहीतर कोड वाचला जात नाही. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून ‘अपडेट टाइमकोड फ्रॉम ऑडिओ ट्रॅक’ निवडा, मग मल्टिकॅम करताना ‘साउंड’ऐवजी ‘टाइमकोड’.

दोन कॅमेऱ्यांवर दोन फोन असतील तर दोन्ही फाइल एकाच क्षणी सुरू करणं हाताने जमत नाही. त्याऐवजी एकच फोन घ्या, विभाजकाची एकच तार ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की प्रत्येक कॅमेऱ्याला वीस-तीस सेकंद तोच कोड पाजा. गोप्रोसाठी एवढंही नको. ‘गोप्रो लॅब्स’ हे मोफत फर्मवेअर टाकलं की फोनच्या स्क्रीनवरचा क्यूआर कोड दाखवून घड्याळ लावता येतं आणि फाइलमध्ये टाइमकोड त्यानुसार येतो. सगळे गोप्रो एकाच फोनवरून लावा.

बंद नाट्यगृहात, न थांबता चाललेल्या तीन कॅमेऱ्यांना यातलं काहीही लागत नाही. दोन टाळ्या पुरतात. सोल्डरिंगवर संध्याकाळ घालवण्यापेक्षा ती तालमीला जाऊन कॅमेऱ्यांच्या जागा ठरवण्यात घालवा.

एडिट सुरू करण्याआधी

जुळवलेल्या टाइमलाइनची एक प्रत ‘सिंक, अंक १’ अशा नावाने बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. कोणता कॅमेरा किती फ्रेम सरकवला आणि कुठे कापला, हे त्याच टाइमलाइनवर मार्करमध्ये लिहून ठेवा. तेच तीन कॅमेरे आणि तोच रेकॉर्डर पुढच्या प्रयोगाला वापरले तर घड्याळांची चूक साधारण तेवढीच आणि त्याच दिशेने येते, त्यामुळे दुसऱ्या वेळी कापायच्या जागा आधीच हाताशी असतात.